फोटो क्रमांक नऊ

४ मार्च

महोदया,

आपल्या वडिलांच्या वतीने आपण केलेला अर्ज या कार्यालयास मिळाला. पाण्याची टाकी कोसळल्याच्या चौकशीची फाइल, तीमधील नकाशे व छायाचित्रे पाहण्याची परवानगी आपण मागितली आहे. फाइल जुनी असून तिची तपासणी सुरू आहे. दिनांक यथावकाश कळविण्यात येईल.

अभिलेखपाल,
नकाशे व छायाचित्र विभाग

इथवरचं टाइप केलेलं आहे, त्याची प्रत फाइलला लागेल. खालचं हातानं लिहितेय, ते फक्त तुझ्यासाठी.

भिंगरी, मी ठकी. बांधकाम खात्याच्या वसाहतीत तुमच्या भिंतीला भिंत लागून राहायची, ती. अर्जावर आडनाव वेगळं होतं, पण सहीतल्या शेवटच्या अक्षराला तू अजून तसाच फराटा मारतेस. तो पाहिला आणि हातातला चहाचा कप कुठे ठेवू ते सुचेना. टेबलावर जागा होती, तरी.

मी इथे राज्याच्या अभिलेखागारात सव्वीस वर्षं आहे. जुने कागद, नकाशे, फोटो सांभाळते. त्यांतून तुझा अर्ज नेमका माझ्याच टेबलावर यावा.

काका हयात आहेत हे मला माहीत नव्हतं. शहाऐंशी म्हणजे खूप झालं गं. या वयात त्यांना जुन्या फायलींच्या धुळीत कशाला आणतेस? फाइल मी पाहिलेली आहे. निकालात जे आहे तेच आत आहे, नवीन काही नाही. त्यांना उगाच आशा लावू नकोस. अर्ज मागे घ्यायचा असेल तर साध्या कागदावर दोन ओळी पुरतात, तेवढं मी बघून घेईन. मैत्रीण म्हणून सांगते.

ठकी


११ मार्च

भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. ‘बाबांना दम लागतो. डॉक्टर महिन्यांची नाही, आठवड्यांची भाषा करतात. अर्ज मागे घेणार नाही. आपण तारीख कळवावी.’ चार वाक्यं, आणि त्यात मला ‘आपण’.

बरोबर आहे. त्रेचाळीस वर्षांनी एकदम ‘तू’ कुठून येणार? मीच आगाऊपणा केला. तरी मी ‘तू’च लिहिणार आहे, मला दुसरं येत नाही.

काकांच्या नावावर तो ठपका अजून आहे आणि तो पुसून घेतल्याशिवाय त्यांना जायचं नाही, हे तू अर्जात लिहिलंयस. मी ते तीनदा वाचलं. आमच्याकडे लोक आजोबांच्या जमिनीचे कागद मागतात, जन्मतारखा मागतात. ठपका पुसून मागणारा अर्ज मी पहिल्यांदा पाहिला.

फाइल आज बाहेर काढली. काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी चालढकल करतेय. आधी यादी घ्यायची आणि एकेक कागद तिच्याशी ताडून बघायचा. जबान्या एकतीस, आहेत. निकालपत्र आहे. मूळ नकाशा एक, मेणकापडासारख्या पातळ कापडावर काळ्या शाईनं काढलेला, आहे. साइटवरची निळी प्रत ढिगाऱ्यात गेली होती, ती कधीच नव्हती. फोटो चौदा. त्यांतले तेरा आहेत. एखादा इकडेतिकडे झाला असेल, शोधते.

नकाशावर खाली उजव्या कोपऱ्यात माझ्या बाबांची सही आहे. आरेखक म्हणून. तुला ती माहीतच असणार, खटल्यात तिच्याकडे बोट दाखवूनच तर सगळं झालं. नकाशात खांबाला आठ सळया, पडलेल्या खांबात निघाल्या सहा, म्हणजे बांधणाऱ्या मिस्त्रीनं दोन खाल्ल्या. हिशेब कसा सरळ. सात माणसं गेली आणि काकांना चार वर्षं.

तो आवाज तुला आठवतो का? आपण शाळेच्या रांगेत होतो. तू म्हणालीस, ढग गडगडला. आणि आकाश तर कोरडं ठणठणीत होतं.

उगाच लिहीत बसले. तारीख कळवते.

ठकी


१९ मार्च

भिंगरी,

तुला पंचवीस तारीख कळवणार होते, पण त्या दिवशी फाइल दाखवता येणार नाही. कारण सांगते.

तो एक फोटो सापडलेला नाही, क्रमांक नऊ. रजिस्टरात त्याच्यापुढे ‘निगेटिव्ह फुटलेली’ असा शेरा आहे, म्हणजे होता तो एकच. मी उपसंचालक बाईंना सांगितलं की सावकाश शोधू. पण बाई नव्या आहेत, कडक आहेत, आणि कागदावर अर्ज आहे म्हटल्यावर त्यांना सावकाश हा शब्द कळत नाही. त्यांनी नोंदवही मागवली. फाइल शेवटची बाहेर कधी गेली? आठ वर्षांपूर्वी, दुरुस्तीला. कुणाकडे? खळकाकांकडे.

खळकाका म्हणजे आमचे कागद-दुरुस्ती करणारे. गव्हाची खळ शिजवून तिनं फाटके कागद जोडतात, म्हणून खळकाका. खरं नाव पगारपत्रकावर असेल. चाळीस वर्षं नोकरी झाली, मे महिन्यात निवृत्त होतील. त्यांना काल कारणे दाखवा नोटीस मिळाली. तीन एप्रिलला चौकशी.

दुपारी ते माझ्याकडे आले. नोटीस हातात, चष्मा कपाळावर. म्हणाले, “ताई, तुम्ही वाचा बरं. मला नीट कळलं नाही, की मला कळलंय तेच खरं आहे?”

मी वाचून दाखवलं.

“चोरी म्हणतायत?”

“चोरी नाही म्हटलेलं. गहाळ म्हटलंय.”

“एकच की ते. ताई, चाळीस वर्षांत मी एक चिठोरा घरी नेला नाही. बायको म्हणायची, वाळली खळ तरी आणा, पोरांच्या पतंगांना होईल. ती पण नेली नाही.”

मी म्हणाले, “सापडेल हो काका.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना. मी फायलीच्या दोऱ्याची गाठ सोडत बसले आणि ती सुटेना.

मिस्त्रीकाकांना कसं आहे? जेवतात का? मला लिहिलं नाहीस तरी चालेल, पण लिहिलंस तर बरं वाटेल.

ठकी


२४ मार्च

भिंगरी,

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता पाकिटावर आधी तिकीट लावून ठेवलंय.

फोटो क्रमांक नऊ हरवलेला नाही. मी तो लपवला होता, आठ वर्षांपूर्वी. फाइल खळकाकांकडून दुरुस्त होऊन माझ्याकडे आली होती, चौदाच्या चौदा फोटोंसकट.

सांगायला बसलेय तर नीट सांगते. ते फोटो खात्याच्या फोटोग्राफरनं काम चालू असताना काढलेले, दर महिन्याच्या प्रगतीचे. कुठल्यातरी कपाटात पडून होते आणि निकाल लागल्यानंतर केव्हातरी फाइलला जोडले गेले. कोर्टानं ते पाहिलेच नाहीत. मी यादी करताना पहिल्यांदा पाहिले. क्रमांक नऊमध्ये मिस्त्रीकाका टेबलाशी उभे आहेत, चाळिशीचे, डोक्याला फडकं. टेबलावर निळा नकाशा पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार दगड. मागे मजूर. एक बाई घमेलं डोक्यावर घेऊन हसतेय. मी त्यांना पाहून इतकी हरखले भिंगरी! काका! आणि मग सवयीनं भिंग घेतलं. नकाशा वाचता येतो का बघू म्हणून.

खांबाच्या चौकोनात ‘सळया ६’ लिहिलंय. आठ नाही. सहा.

मी मूळ नकाशा उजेडाच्या टेबलावर घातला. त्या कापडावरची शाई ब्लेडनं खरवडून काढता येते. पण खरवडलेली जागा खालून उजेड पडला की वेगळी दिसते, पातळ. तिच्यावर पुन्हा लिहिलं तर शाई केसाएवढी पसरते, कितीही नखानं घासून गुळगुळीत केलं तरी. आठाच्या आकड्याला चारही बाजूंनी बारीक मुळं फुटली होती. हे ओळखायला मला बाबांनीच शिकवलं होतं, लहानपणी, गंमत म्हणून.

म्हणजे बाबांनी बहुधा एखाद्या लहान टाकीच्या नकाशावरून उतरवून घेताना चुकून सहा लिहिले. काकांनी नकाशात होत्या तेवढ्या घातल्या. टाकी पडली, आणि बाबांनी सहाचे आठ केले.

हे मला आठ वर्षं माहीत आहे.

तेव्हा बाबा अंथरुणाला खिळले होते. मी म्हटलं, ते असेपर्यंत नको. तीन वर्षांनी ते गेले. मग म्हटलं, आई असेपर्यंत नको. फोटो घरी नेला असता तर चोरी झाली असती. नेला नाही. कृषी प्रदर्शनाच्या फोटोंची एक पेटी आहे, तिच्यात, बक्षीस मिळालेल्या एका भोपळ्याच्या मागे ठेवून दिला. हसू नकोस. की हस. आमच्यात म्हणतात, हरवलेला कागद सापडतो, चुकीच्या जागी ठेवलेला सापडत नाही. त्या भोपळ्यांना कोण बघायला येतंय?

तुझा अर्ज आला त्या दिवशी मी पेटी काढायला गेले. फोटो गुपचूप जागच्या जागी ठेवते, सुंठीवाचून खोकला गेला असं होईल. पेटी नव्हती. जानेवारीत मी रजेवर असताना त्या दालनाचं छत गळलं आणि चाळीस पेट्या गावाबाहेरच्या गोदामात हलवल्या. ओल्या होत्या म्हणून. ओल्या, भिंगरी.

पहिल्या पत्रात मी तुला अर्ज मागे घे म्हणाले. ते कशासाठी होतं ते आता तुला कळलंच असेल.

बाईंना अजून सांगितलेलं नाही. खळकाकांना पण नाही. आधी तुला लिहितेय, का ते मलाही सांगता येणार नाही. तुझ्याकडे हे पत्र आहे म्हटल्यावर मला मागे फिरता येणार नाही, म्हणून असेल.

ठकी


२ एप्रिल

भिंगरी,

तुझं उत्तर आलं नाही. येऊ नये हेच रास्त.

गोदामात जाऊन आले. रखवालदारानं बाहेरचं दार उघडलं, आतल्या जाळीपुढे जाऊ दिलं नाही. पेट्यांना वाळवी आणि बुरशीसाठी औषधी धुरी दिलीय, सहा तारखेपर्यंत सील. जाळीतून बोट दाखवून विचारलं, ती खालून दुसरी? हो, म्हणाला, कृषी. तिच्या तळापासून चार बोटं वर पाण्याची रेघ होती. फोटो एकावर एक असतात. भिजून वाळले की त्यांची वीट होते. वीट फोडायला गेलं तर चेहरे एकमेकांच्या पाठीला चिकटून निघतात. मी हे पाहिलेलं आहे.

उद्या खळकाकांची चौकशी आहे. उद्या सकाळी मी बाईंना सांगणार. म्हणून आज आईला सांगितलं. तिला बाहेरच्या कुणाकडून कळायला नको.

आई एक्याऐंशीची आहे. खिडकीशी बसून ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, “त्यांचं अक्षर किती सुंदर होतं.” मी पाणी दिलं, घेतलं नाही. उठून जायला लागले तर म्हणाली, “ती दारावर आली होती.”

“कोण?”

“मिस्त्रीची बायको. ट्रकमध्ये सामान भरून झालं होतं. वहिनी, वहिनी करत होती. भावोजींना एकदा खरं बोलायला सांगा म्हणाली. मी आत उभी होते. कडी काढली नाही.”

“तुला माहीत होतं?”

“काय माहीत असायला हवं होतं? नवरा दोन दिवस जेवत नव्हता. मी विचारलं नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तूसुद्धा घरातच होतीस त्या दिवशी.”

काकू गेल्याचं तुझ्या अर्जात वाचलं होतं. आईला आज सांगितलं. ती तोंड फिरवून बसली आहे.

आई म्हणाली ते खरं आहे. मी घरातच होते, ट्रक आला त्या दिवशीही आणि त्याआधीही एका दिवशी. आणि मी मागच्या पत्रात सगळं सांगितलं असं भासवलं, पण एक हातचं राखलं होतं. ते आता लिहिते.

टाकी पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा बंद होती. दुपारी बाबा ऑफिसातून नकाशाची गुंडाळी घेऊन घरी आले. असं ते कधी करत नसत. दार लोटलं, टेबलावर कापड पसरलं. त्याचे कोपरे सारखे वर उचलत होते, म्हणून त्यांनी मला हाक मारली. मी दोन्ही हातांनी कोपरा दाबून धरला. ते म्हणाले, “घट्ट धर. हलू देऊ नकोस.” ब्लेडचा आवाज आठवतो, उंदीर कागद कुरतडतो तसा. मग ते नखानं घासत राहिले. संपल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “शहाणी माझी. जा आता खेळायला.”

मी तुझ्याकडेच आले खेळायला. तुला आठवत नसेल. आपण तुमच्या ओट्यावर बसलो होतो आणि काकू आत रडत होत्या.

अकरा वर्षांच्या पोरीला काय कळतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. कळलं नव्हतं हे खरं. पण भिंगातून सहाचा आकडा दिसला त्या क्षणी मला नकाशा आठवला नाही, आधी माझे हात आठवले. मी तो कागद धरला होता भिंगरी. नुसता नंतर लपवला नाही, आधी धरलाही होता.

बाबांना मी एकदाच विचारलं, ते अंथरुणावर असताना. “बाबा, सहा की आठ?” बास, एवढंच. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ती भिंत तुमच्याकडची नव्हती, आम्ही केव्हाच घर बदललं होतं. तरी मला वाटलं, ते तुमच्याकडेच बघतायत.

ठकी


९ एप्रिल

भिंगरी,

तुझं कार्ड आलं. ‘बाबांना पत्रं वाचून दाखवली. फोटो आहे का ते आधी सांगा.’ म्हणून तेच आधी सांगते. फोटो आहे. वाचला.

आता क्रमानं. तीन तारखेला सकाळी खळकाका इस्त्रीचा शर्ट घालून बाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. मी त्यांच्यासमोरून आत गेले आणि उभ्याउभ्याच सांगितलं. बाईंनी मला बसा म्हटलं नाही. पेनचं टोपण काढलं, परत लावलं. म्हणाल्या, “तुम्ही अभिलेखपाल आहात. तुमच्यावर विश्वास ठेवून आम्ही कुलपं लावतो.” मग म्हणाल्या, “लेखी द्या.” मी चार पानं दिली. ब्लेडचं, कोपरा धरण्याचंही त्यात लिहिलं. दुपारी निलंबनाचा आदेश हातात पडला. तो घेताना मला बरं वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. सव्वीस वर्षं ज्या दारातून आत शिरले तिथून पिशवी घेऊन बाहेर पडायचं होतं.

पण त्याआधी खळकाका. बाईंनी त्यांना आत बोलावून माझ्यासमोरच सांगितलं. मी म्हणाले, “काका, मला माफ...” त्यांनी हात वर केला. “पेटी कधी उघडणार?” एवढंच बाईंना विचारलं.

सात तारखेला पेटी आणली. मी आत यायला नको होतं, पण फोटो नेमका कुठे ठेवला ते मलाच माहीत, म्हणून बाईंनी तासाभराची परवानगी दिली. झाकण उघडलं. वरचे बरे होते. खालच्या निम्म्या फोटोंची वीट झालेली. माझा भोपळा विटेत होता.

खळकाकांनी वीट उचलून नाकाशी नेली, वास घेतला. मी म्हणाले, कोमट पाणी आणू का? माझ्याकडे न बघता म्हणाले, “कोमटात वरचा थर सुटतो. गार. आणि तिथे बसा, मधे येऊ नका.” मोठ्या थाळीत गार पाणी, त्यात वीट. एक तास झाला, दोन झाले. बाईंनी मला जा म्हटलं नाही, त्या स्वतःच खुर्ची ओढून बसल्या. खळकाका दर थोड्या वेळानं एक पातळ हाडाची पट्टी फटीत घालून बघत, आणि काढून घेत. जोर अजिबात करत नव्हते. एकदा नुसतं म्हणाले, “घाई केली की नाक जातं माणसाचं.”

चार वाजता भोपळा सुटला. त्याच्या मागून मिस्त्रीकाका वर आले, पाण्यात, डोक्याला फडकं. वरचा डावा कोपरा गेलाय. आकाशात भोपळ्याचा गोल पुसट डाग उमटलाय, तो आता कधी जाणार नाही. बाईंनी टिपकागदावर वाळू दिला आणि स्वतः भिंग घेतलं. मी भिंतीशी उभी होते. त्यांनी मोठ्यानं वाचलं, “सळया सहा.”

खळकाकांनी हात पुसले. माझ्याजवळून जाताना थांबले. “फोटो वाचला ताई. आता तुमचं काय ते तुम्ही बघा.” मे महिन्यात त्यांचा निरोप समारंभ आहे. मला बोलावणं येणार नाही, आणि यायलाही नको.

बाईंनी वर कळवलंय. काकांचं म्हणणं नोंदवून फोटो आणि नकाशासोबत प्रकरण फेरविचाराला पाठवतील. त्यांच्यात इथे यायची ताकद आहे का? नसली तर बाई तिकडे यायला तयार आहेत. लवकर कळव. मला नाही, त्यांना कळव.

ठकी


२१ एप्रिल

भिंगरी,

काल तू काकांना फाटकापर्यंत आणलंस आणि आत आली नाहीस. गाडीशी उभी राहिलीस. वरच्या खिडकीतून तुझी पाठ दिसत होती, केस माझ्याइतकेच पांढरे. मी खाली आले नाही. माझी गाठ पडू नये म्हणूनच तू बाहेर थांबली होतीस हे मला समजत होतं. पण आत काय झालं ते तुला माहीत असायला हवं. गाडीत ते काही बोलले नसतील, मला वाटतं.

मलाही तिथे बोलावलं होतं, त्यांनीच. “ठकी नसेल तर मी बोलणार नाही” असं त्यांनी बाईंना कळवलं होतं म्हणे. खळकाकांनी चाकाची खुर्ची ढकलत आणली. मी उभी राहिले. पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाले, “ते राहू दे. जवळ ये, दिसत नाही मला.” माझा चेहरा बघत राहिले. “तुझ्या आईवर गेलीस.”

बाईंनी फोटो समोर ठेवला, भिंग दिलं. मला वाटलं, आकडा शोधतील. त्यांनी आकडा पाहिलाच नाही. मागच्या मजुरांवर भिंग फिरवत गेले. “हा तोतरा. हा याचा भाऊ. ही हसरी, हिचं लग्न ठरलं होतं.” एकेकावर बोट ठेवत सात जण दाखवले. एका माणसावर थांबले. “हा वाचला. त्या दिवशी ताप होता म्हणून आला नव्हता.” दम लागला म्हणून थांबावं लागलं. खळकाकांनी पाणी दिलं.

मग म्हणणं नोंदवायचं होतं. बाईंचा टंकलेखक बसला होता. काका म्हणाले, “हिला लिहू दे.”

बाई म्हणाल्या, “त्या निलंबित आहेत, काका.”

“मग? हात निलंबित केलेत का?”

बाई पहिल्यांदाच हसताना दिसल्या. म्हणाल्या, सांगणाऱ्याला हवा तो लेखक घेता येतो, साक्षीला मी आहे. मी बसले. त्यांनी सांगितलं ते लिहीत गेले. निळी प्रत कधी मिळाली, तिच्यात किती सळया होत्या, टेबल कुठे होतं. सगळं चोख. मग ते थांबले. मला वाटलं संपलं.

ते म्हणाले, “आता लिही. मी वीस वर्षं टाक्या बांधत होतो. एवढ्या उंच टाकीच्या खांबाला सहा सळया पुरत नाहीत.”

माझं पेन थांबलं.

“वरून घाई होती. उद्घाटनाची तारीख ठरली होती. मी ऑफिसात जाऊन विचारायला हवं होतं, हे सहा बरोबर आहेत का म्हणून. तुझा बाप भिंतीपलीकडे राहत होता, रोज संध्याकाळी भेटायचा. मी विचारलं नाही. नकाशात आहे ना, मग माझी जबाबदारी नाही, असं म्हटलं. कोर्टात हे बोललो असतो तर मला माहीत होतं हे उघड झालं असतं. म्हणून तिथेही गप्प बसलो.”

बाई हळूच म्हणाल्या, “काका, हे लिहिलंत तर तुमचा अर्ज कमकुवत होईल. नाव पूर्ण साफ होणार नाही.”

“सात माणसं दाखवली ना आत्ता? त्यांच्यासमोर बसून अर्ज मजबूत करू?”

मी तरी लिहीत नव्हते. मला तू दिसत होतीस, खिडकीतून, गाडीला टेकलेली. त्रेचाळीस वर्षं तू ज्यासाठी भांडलीस, ते मी पुन्हा माझ्याच हातानं कमी करत होते. मी म्हणाले, “काका, भिंगरीला हे माहीत आहे?”

“नाही.”

“मग आधी तिला...”

“माझ्याच्यानं होत नाही,” ते म्हणाले. “तिच्यासमोर नाही होत. तू लिही. लिही म्हणतो ना! एकदा तुमच्या घरानं कागद बदलला. आता पुन्हा नको.”

मी लिहिलं. सगळं लिहून वाचून दाखवलं. मी एका ठिकाणी मऊ केलं होतं, मुद्दाम नाही, पेनातून तसं उतरलं. ‘सहा सळया पुरणार नाहीत असे मला वाटत होते.’ त्यांनी डोळे मिटूनच ऐकलं आणि म्हणाले, “वाटत नव्हतं. माहीत होतं. ते बदल.”

सही करायला त्यांना बराच वेळ लागला. कुणी हात धरायला गेलं तर झटकत होते. झाल्यावर मला म्हणाले, “तुझ्या बापाशी मी रोज चहा प्यायचो. भला माणूस होता. भित्रा होता. मीही होतो.” मग खळकाकांना म्हणाले, “चला, पोर उन्हात उभी आहे.”

आईला रात्रीच्या जेवणाआधी सगळं सांगितलं. तिला तुला भेटायचंय. मी तिला म्हटलं, ते भिंगरीच्या मनावर आहे, तुझ्या नाही. माझी खात्याची चौकशी पुढच्या महिन्यात आहे. नोकरी राहील असं वाटत नाही. त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस.

हे म्हणणं आता फाइलला लागलंय आणि फाइल वर गेलीय. उद्या-परवा तुला अधिकृत प्रत वाचायला बोलावतील, परक्या माणसांसमोर, सरकारी टेबलावर. तिथे तुला हे पहिल्यांदा कळू नये म्हणून बाईंना विचारून नक्कल आज पाठवतेय. घरी बसून वाच. काका शेजारच्या खोलीत असतील तेव्हा वाच, म्हणजे हवं तर उठून त्यांच्याकडे जाता येईल.

दुसऱ्या पानावर, तिसऱ्या ओळीत एक शब्द खोडलेला आहे. एकच आडवी रेघ मारलीय, खालचा शब्द वाचता येतो. शेजारची सही काकांची आहे.

ठकी